मूळ वही आणि तिच्या नकला

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

‘नक्कल’ हा शब्द महाविद्यालयाच्या आवारात उच्चारला की परीक्षेच्या दिवसांची आठवण होते आणि बोलणारा आपोआप आवाज खाली आणतो. परंतु नक्कल ही नेहमीच निंद्य गोष्ट असते असे नाही. तहसील कचेरीत ‘नक्कल मिळावी’ म्हणून अर्ज करणारा शेतकरी कोणताही गुन्हा करीत नसतो. किंबहुना आजचे बरेचसे व्यवहार नकलांवरच चाललेले आहेत. बँकेतील शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचा निकाल, जमिनीचा उतारा अशी माहिती कोठेतरी एका मूळ ठिकाणी नोंदलेली असते आणि अशा मोठ्या व्यवस्थांत तिच्या एक वा अनेक नकला अन्यत्र ठेवण्याची रीत आहे. आपण पडद्यावर जे वाचतो ते मूळ की नक्कल, हे वाचणाऱ्यास सहसा ठाऊक नसते.

येथे काही प्रश्न उभे राहतात. मूळ नोंद बदलली की तिच्या नकला कशा बदलतात? त्यास किती वेळ लागतो? मधल्या वेळात जो नक्कल वाचतो त्याचे काय होते? आणि दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या आढळल्या, तर खरे कोणाचे मानावयाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा, कला शाखेच्या विद्यार्थ्यास झेपेल इतपत, विचार करावयाचा आहे. विषय संगणकशास्त्राचा आहे, हे मान्य. परंतु नोंद, पुरावा आणि विश्वास हे विषय इतिहासाच्या अथवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास परके नाहीत.

नकला कशासाठी?

संगणकात व्यवस्थित मांडून ठेवलेल्या माहितीच्या साठ्यास डेटाबेस म्हणतात. ही माहिती तक्त्यांच्या रूपाने, ओळी आणि रकाने पाडून मांडण्याची जी पद्धत आज सर्वाधिक रूढ आहे, तिचा पाया ई. एफ. कॉड या आय. बी. एम. कंपनीतील संशोधकाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात घातला. असा तक्ता म्हणजे आपल्या हजेरीपटाचाच मोठा भाऊ समजावा.

आता हा हजेरीपट एकच असावा की त्याच्या प्रती असाव्यात? प्रती ठेवण्याची तीन कारणे सांगता येतात. पहिले कारण सुरक्षिततेचे. यंत्र बिघडते, चकती निकामी होते, आग लागते, पूर येतो. एकच वही असेल तर तिच्याबरोबर सारेच जाते. दुसरे कारण गर्दीचे. निकालाच्या दिवशी एकाच सूचनाफलकापुढे सारे महाविद्यालय लोटले तर कोणालाच धड काही दिसत नाही. तोच निकाल चार फलकांवर लावला तर गर्दी वाटली जाते. निकाल लिहिणारा एक असतो, वाचणारे हजार असतात. तिसरे कारण अंतराचे. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर या वेगाने जातो. मुंबई ते दिल्ली हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १,१५० किलोमीटर धरले, तर प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास २,३०० किलोमीटरचा प्रवास घडतो आणि त्यास किमान साडेअकरा सहस्रांश सेकंद लागतात. डोळ्याचे पाते लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. परंतु एका कामासाठी असे शंभर प्रश्न एकामागून एक विचारावे लागले, तर सेकंदाहून अधिक काळ नुसत्या येरझाऱ्यांत जातो. कोणताही अभियंता प्रकाशाचा वेग वाढवू शकत नाही. म्हणून मग माहितीच वाचणाऱ्याच्या जवळ नेऊन ठेवावी लागते.

यातून एक साधा नियम निघाला : लिहावयाचे एकाच ठिकाणी, वाचावयाचे कोठेही. जेथे लिहावयाचे ती मूळ प्रत, आणि तिच्यामागून चालणाऱ्या त्या नकला. संगणकाच्या परिभाषेत या जोडीस पूर्वी ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’, म्हणजे मालक व गुलाम, अशी नावे होती. गुलामगिरीचा इतिहास पाहता ती अनेकांस खटकू लागली आणि मायएसक्यूएल या सुप्रसिद्ध डेटाबेसच्या कर्त्यांनी २०२० साली ती बदलण्याचे जाहीर करून ‘सोर्स’ व ‘रेप्लिका’ हे शब्द स्वीकारले. या लेखात आपण ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ असेच म्हणू.

फेरफाराची वही

नक्कल मुळाबरोबर कशी ठेवावी? कोणासही सुचेल असा उपाय म्हणजे रोज रात्री सगळी वही पुन्हा उतरून काढावी. छोट्या वहीस हे चालेल. परंतु वही लाखो पानांची असेल तर ती उतरून होण्यापूर्वीच पुढची रात्र उजाडेल; शिवाय उतरवीत असताना मागची पाने बदलत राहतील ते वेगळेच. तेव्हा सगळी वही न पाठविता, तीत काय बदलले तेवढेच पाठवावे, हा दुसरा उपाय. तो कसा चालतो हे समजण्यास ग्रामीण महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक असलेले एक उदाहरण उपयोगी पडेल.

सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोड. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे व तिच्यावर कोणाचे कोणते हक्क आहेत ते असते; बारामध्ये पिकांची नोंद असते. आता खरेदी झाली, वाटणी झाली किंवा खातेदार वारला आणि वारसांची नावे लावावयाची झाली, तर सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करता येत नाही. प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, अनुक्रमांक घालून नोंद होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकत घेण्यास मुदत मिळते आणि नोंद प्रमाणित झाली म्हणजे तिचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो. ज्या फेरफाराने नाव लागले त्याचा क्रमांक नावाच्या शेजारी लिहिलेला असतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तो वर्तुळात दिसतो.

येथे दोन वह्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. एक आजची स्थिती सांगते, दुसरी त्या स्थितीस आपण कसे पोहोचलो ते सांगते. व्यापाऱ्याच्या कीर्द-खतावणीचे नातेही असेच असते. फेरफारांची वही पहिल्या क्रमांकापासून हाती असेल तर सातबारा पुन्हा उभा करता येईल; परंतु एकट्या सातबाऱ्यावरून सगळे फेरफार सांगता येणार नाहीत.

डेटाबेसमध्येही नेमकी हीच व्यवस्था असते. तक्त्यात बदल होतो, तसा तो एका क्रमवार नोंदवहीतही उतरतो आणि प्रत्येक नोंदीस तिचा क्रमांक असतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर ही नोंद तक्त्याच्या आधी पक्की करावी असा दंडक आहे. मुळात ही वही अपघातासाठी ठेवलेली असते : वीज जाऊन यंत्र मध्येच बंद पडले, तर पुन्हा सुरू होताना त्याने ती वाचावी आणि अर्धवट राहिलेले काम पुरे करावे. पुढे तीच वही नकलांच्या कामी आली. नक्कल मुळाला एवढेच सांगते की, ‘माझ्याकडे ४१२ क्रमांकापर्यंतच्या नोंदी आहेत, पुढच्या पाठवा.’ मूळ ४१३ पासून पुढे पाठवू लागते.

मात्र यात तीन पथ्ये पाळावी लागतात. नोंदींचा क्रम बदलता कामा नये, एकही नोंद सुटता कामा नये आणि कोणतीही नोंद दोनदा अंमलात येता कामा नये. क्रमाचे महत्त्व एका उदाहरणाने पाहू. समजा, पहिला फेरफार ‘रामाचे नाव कमी करून गोविंदाचे लावावे’ असा आहे आणि दुसरा ‘गोविंदाचे नाव कमी करून सखूचे लावावे’ असा. मूळ वहीत शेवटी सखूचे नाव राहील. नकलेवर मात्र दुसरा फेरफार आधी पोहोचला, तर तेथे गोविंदाचे नावच नसल्यामुळे तो वाया जाईल. मग पहिला येईल आणि नकलेवर गोविंद मालक होऊन बसेल. दोन्हीकडे फेरफार तेच, संख्या तीच. तरी जमीन एकीकडे सखूची आणि दुसरीकडे गोविंदाची!

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक नोंदीवर वेळ टाकली म्हणजे क्रम आपोआप लागेल. परंतु दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. आपल्या वर्गातील घड्याळ आणि प्राध्यापकांच्या हातातील घड्याळ तरी कोठे जुळते? लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७८ साली एका निबंधात दाखवून दिले की, दूरदूरच्या यंत्रांतील घटनांचा क्रम घड्याळावर न सोपविता त्यांच्या परस्पर संदेशांवरून आणि क्रमांकांवरून लावता येतो. एकाच ठिकाणी लिहिण्याचा नियम येथे फार उपयोगी पडतो, कारण मग क्रमांक देणारा हात एकच राहतो.

आणखी एक प्रश्न उरतो. नोंदवहीत आज्ञा लिहावी की परिणाम? ‘सर्व परीक्षार्थींस चिठ्ठ्या टाकून आसनक्रमांक द्यावेत’ ही आज्ञा मूळ ठिकाणी पाळली गेली आणि तीच शब्दशः नकलेकडे पाठविली, तर नक्कल पुन्हा चिठ्ठ्या टाकील आणि निराळेच क्रमांक निघतील. म्हणून ‘अमक्यास अमुक क्रमांक मिळाला’ हा परिणाम पाठविणे अधिक सुरक्षित. उलट, ‘सर्वांची फी १० रुपयांनी वाढवावी’ ही एका ओळीची आज्ञा परिणामाच्या रूपाने लिहू गेल्यास विद्यार्थ्यागणिक एक ओळ लिहावी लागते. मायएसक्यूएलमध्ये आरंभी आज्ञा पाठविण्याचीच पद्धत होती. २००८ साली आलेल्या ५.१ या आवृत्तीत परिणाम पाठविण्याची सोय झाली. दोन्ही पद्धतींस आपापले मोल मोजावे लागते.

मधला वेळ

मूळ ठिकाणी नोंद झाली आणि ती नकलेपर्यंत पोहोचली, या दोहोंत काही काळ जातोच. या मधल्या काळाचे काय करावयाचे याविषयी दोन मार्ग आहेत. त्यांची तुलना साध्या टपालाशी आणि पोचपावती मागणाऱ्या टपालाशी करता येईल.

पहिल्या मार्गात मूळ प्रत नोंद करते, ‘काम झाले’ असे लगेच सांगते आणि नकलेकडे नोंद मागाहून रवाना करते. काम झटपट होते. परंतु नोंद रवाना होण्यापूर्वीच मूळ यंत्र कोसळले, तर ‘झाले’ म्हणून सांगितलेले काम नकलेच्या गावीही नसते. दुसऱ्या मार्गात नकलेकडून पोचपावती येईपर्यंत मूळ प्रत ‘झाले’ म्हणतच नाही. येथे नोंद हरवत नाही. पण प्रत्येक कामास जाण्यायेण्याचा वेळ लागतो, आणि नक्कलच बंद पडली तर मुळाचेही काम अडून राहते. जिचा आधार म्हणून ठेवली तिनेच पाय धरावे, असा प्रकार! म्हणून व्यवहारात पुष्कळदा मधला मार्ग निवडतात : नकला दोन-तीन ठेवावयाच्या आणि त्यांपैकी कोणत्याही एकीची पोचपावती पुरेशी मानावयाची. पोस्टग्रेसमध्ये नोंदवहीचा प्रवाह सतत नकलेकडे वाहता ठेवण्याची सोय २०१० साली आली आणि पोचपावतीची वाट पाहण्याची सोय २०११ साली.

मधल्या वेळेचा त्रास सामान्य माणसास कसा होतो पाहा. एखादा विद्यार्थी अर्ज भरतो, ‘अर्ज मिळाला’ असे उत्तर येते. खात्री करावी म्हणून तो पान पुन्हा उघडतो, तो अर्ज दिसत नाही, कारण लिहिणे मुळात झाले आणि वाचणे मागे राहिलेल्या नकलेवरून झाले. तो बिचारा घाबरून पुन्हा अर्ज भरतो, पुन्हा पैसे भरतो. येथे यंत्र बिघडलेले नाही की कोणी लबाडीही केलेली नाही. तरी मनस्ताप झालाच. यावर उपाय असा की, ज्याने नुकतेच लिहिले त्यास थोडा वेळ मुळातूनच वाचू द्यावे. किंवा त्याच्या नोंदीचा क्रमांक लक्षात ठेवावा आणि त्या क्रमांकापर्यंत पोहोचलेल्या नकलेवरूनच त्यास उत्तर द्यावे. दुसऱ्यांचे लिहिलेले क्षणभर उशिरा दिसले तरी चालेल. स्वतःचे लिहिलेले तरी स्वतःस दिसले पाहिजे.

नक्कल मागे पडली आहे हे तिच्या तोंडावरून कळत नाही, ही यातील खरी मेख आहे. मे २०२४ मध्ये याचे मोठे बोलके उदाहरण घडले. इंटरनेटवरील कोणतेही नाव शोधावयाचे झाले तर शोधाचा आरंभ एका छोट्या मूळ यादीपासून होतो. ही यादी ‘ए’ पासून ‘एम’ पर्यंतच्या १३ नावांच्या सर्व्हरांवरून जगास पुरविली जाते. यादीस अनुक्रमांक असतो आणि तो दिनांकावरून बनविलेला असतो. दर ३० मिनिटांनी नवी यादी आली का ते पाहावे, आणि ७ दिवस मुळाशी गाठच पडली नाही तर जुनी यादी वापरू नये, असे वेळेचे आकडेही तिच्यातच दिलेले असतात. असे असूनही ‘सी’ या सर्व्हरवरील यादी १८ मे नंतर पुढे सरकली नाही. ती २२ मे रोजी पूर्ववत झाली. चालविणाऱ्या संस्थेने दिलेल्या खुलाशाप्रमाणे, मार्ग ठरविण्याच्या धोरणात केलेल्या एका असंबद्ध बदलामुळे हे घडले, आणि त्याच बदलामुळे धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही मुकी झाली होती. त्या दिवसांत ‘सी’ने एकाही प्रश्नास उत्तर नाकारले नाही. तो उत्तरे देतच राहिला, केवळ ती चार दिवस जुन्या यादीवरून होती.

नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे

नकला ठेवल्या म्हणजे माहिती सुरक्षित झाली, अशी समजूत होण्याचा संभव आहे. पण नक्कल ही आज्ञाधारक असते. मुळात चुकून एक तक्ता पुसला गेला, तर पुसण्याची ती नोंदही इमानाने नकलांपर्यंत पोहोचते आणि सर्वत्र तो तक्ता पुसला जातो. नक्कल आपणांस यंत्राच्या मरणापासून वाचविते, माणसाच्या हातून वाचवीत नाही. त्यासाठी कालची, परवाची, गेल्या महिन्याची अशी वेगळी राखीव प्रत काढून ठेवावी लागते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत जे घडले ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्या दिवशी डेटाबेसवर ताण वाढला आणि नक्कल मागे पडू लागली. ती इतकी मागे पडली की तिला हव्या असलेल्या जुन्या नोंदी मूळ यंत्राने जागा मोकळी करण्यासाठी तोवर काढूनही टाकल्या होत्या. फेरफाराची मधली पानेच नाहीत म्हटल्यावर नक्कल पहिल्यापासून करणे भाग होते. ते काम अडखळू लागले तेव्हा नकलेवरील जुना साठा पुसून पुन्हा आरंभ करावा असे एका अभियंत्याने ठरविले. रात्रीची वेळ, दिवसभराचा शीण. पुसण्याची आज्ञा नकलेऐवजी मूळ यंत्रावर दिली गेली. क्षणात चूक ध्यानी आली, पण तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइटच शिल्लक उरले होते. राखीव प्रतींकडे धाव घेतली तो निष्पन्न झाले की, रोज निघते असे समजली जाणारी प्रत आवृत्ती न जुळल्यामुळे निघतच नव्हती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावरून सारे उभे केले गेले. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. संस्थेने ही सर्व हकीकत स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली, म्हणूनच माझ्यासारख्यास ती वाचता आली, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

एका वहीचे दोन धनी

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न. मूळ यंत्र बंद पडले तर कोणती तरी नक्कल पुढे येऊन मूळ व्हावयास हवी. परंतु मूळ खरोखर बंद पडले आहे की केवळ मधली तार तुटली आहे, हे नकलेस कसे कळावे? पलीकडून उत्तर येत नाही, एवढेच तिला समजते. तार तुटली असेल आणि तिने स्वतःस मूळ म्हणून घोषित केले, तर एका वहीचे दोन धनी होतात आणि दोघेही आपापल्या वहीत ४१३ वी नोंद लिहितात. क्रमांक एक, मजकूर दोन.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या संस्थेवर हा प्रसंग आला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका केंद्रात एक नादुरुस्त उपकरण बदलण्याचे नेहमीचे काम चालले होते. त्यात दोन ठिकाणांमधील संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्या अवधीत स्वयंचलित व्यवस्थेने पूर्वेकडील मूळ प्रत गेली असे समजून पश्चिम किनाऱ्यावरील नकलेस मूळ केले. संपर्क परत आला तेव्हा दिसले की, पूर्वेकडे काही क्षणांच्या अशा नोंदी आहेत ज्या पश्चिमेस पोहोचल्याच नव्हत्या. आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या आहेत ज्या पूर्वेस ठाऊक नाहीत. कोणतीही एक वही टाकून द्यावी तर लोकांचे लिहिलेले जाणार. संस्थेने वेगापेक्षा माहितीस अधिक महत्त्व दिले. राखीव प्रतींवरून नकला पुन्हा उभ्या करून, मेळ घालून सारे सुरळीत होईपर्यंत २४ तास ११ मिनिटे गेली. त्यांच्या सर्वाधिक वर्दळीच्या एका भागात अशा न पोहोचलेल्या ९५४ नोंदी निघाल्या. त्रेचाळीस सेकंदांचा दुरावा आणि पूर्ण दिवसाची निस्तारणी!

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय म्हणजे बहुमत. समजा पाच यंत्रे आहेत. कोणतीही नोंद किमान तिघांनी लिहून घेतल्याखेरीज ‘झाली’ असे म्हणावयाचे नाही, आणि किमान तिघांची संमती असल्याखेरीज कोणी मूळ व्हावयाचे नाही. पाचांतून तिघांचे दोन गट कसेही पाडले तरी एक यंत्र दोन्ही गटांत येतेच. त्यामुळे नवा पुढारी निवडणाऱ्या गटात जुन्या पक्क्या नोंदीचा निदान एक साक्षीदार असतोच असतो. लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस ही रीत १९९८ साली प्रसिद्ध झाली, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील ओंगारो व ऑस्टरहाउट यांनी समजण्यास सोपी अशी राफ्ट ही रीत २०१४ साली मांडली. दोन्हींच्या मुळाशी ही बहुमताची कल्पना आहे. गिटहबच्या प्रसंगात पुढारी निवडण्यास बहुमत घेतलेले होते. नोंदी पक्क्या करण्यास ते घेतलेले नव्हते. निवडणूक रीतसर झाली, पण निवडून आलेल्याच्या हाती दप्तर अपुरे होते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या वाक्यावर थोडा विचार करावा.

बहुमतासही किंमत आहेच. तार तुटली की अल्पमतात राहिलेल्या यंत्रांनी गप्प बसावे लागते. त्यांच्याजवळच्या लोकांचे काम थांबते. एरिक ब्रूअर यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की, संपर्क तुटलेला असताना सर्वत्र एकच उत्तर देणे आणि सर्वांस उत्तर देणे या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. २००२ साली गिल्बर्ट व लिंच यांनी त्याची गणिती सिद्धता दिली. तेव्हा बँकेच्या खात्यावरून पैसे देताना थांबलेले बरे, आणि वर्तमानपत्राचे पान दाखविताना थोडे जुने दाखविलेले बरे, असा विवेक कामाकामागणिक करावा लागतो. हा विवेक यंत्र करीत नाही. यंत्र मांडणारा माणूस आधी करून ठेवतो.

आपला संबंध

एवढा खटाटोप कला शाखेच्या विद्यार्थ्याने का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला माझ्या घरातच मिळते. कचेरीतील कागद स्वतः वाचून समजून घेणारी आमच्या घरातील माझी पहिलीच पिढी. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला उतारा म्हणजे जमीनच. तो दहा वर्षांपूर्वीचा असला तरी त्यांचा त्यावर तितकाच विश्वास असतो. उलट, कोणत्याही खिडकीपाशी ‘कॉम्प्युटरमध्ये नाव दिसत नाही’ असे कोणी म्हटले की माणूस मान खाली घालून परत फिरतो. पेटीतील कागद ही नक्कल आहे. पण पडद्यावरचे नाव हीसुद्धा नक्कल असू शकते, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. दोहोंपैकी कोणती किती मागे आहे, हा प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे, हे तर नाहीच नाही.

या बाबतीत सातबाऱ्याच्या नमुन्यात २०२० साली झालेली सुधारणा मला फार मोलाची वाटते. आता उताऱ्यावरच शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक छापलेला असतो, आणि एखादा फेरफार प्रलंबित आहे का तेही दिलेले असते. नकलेने ‘माझ्याकडे ४१२ पर्यंतच्या नोंदी आहेत’ असे मुळाला सांगावे, तसे हा कागद वाचणाऱ्यास सांगतो. जमीन विकत घेणाऱ्याने, वारस नोंद घालणाऱ्या विधवेने, पीककर्जासाठी बँकेत जाणाऱ्याने प्रथम त्या ओळीवर बोट ठेवावे. संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा जो उतारा दिसतो तो केवळ माहितीसाठी असतो. कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. हा भेद सुशिक्षितांनी आपल्या गावी समजावून सांगण्याची गरज आहे.

नकला मुळाशी जुळत्या ठेवण्याचे शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ पुढे गेले. तरी मधला वेळ पूर्णपणे नाहीसा करणे कोणास साधलेले नाही, आणि प्रकाशाच्या वेगाचे बंधन पाहता ते साधणारही नाही. उरते ते एवढेच की, नक्कल ठेवणाऱ्याने ती कोठवर आली आहे हे प्रामाणिकपणे लिहावे आणि वाचणाऱ्याने ते पाहून घ्यावे. ‘ही माहिती केव्हापर्यंतची आहे?’ हा प्रश्न कोणत्याही खिडकीपाशी, न घाबरता आणि नम्रपणे, विचारण्याची सवय आम्हां विद्यार्थ्यांस लागली, आणि घरी आई-वडिलांबरोबर कचेरीत जाताना ती उपयोगी पडली, तर या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.